पिनकोड, जन्मतारीख आणि नववीचा वर्ग

फळ्यावर तीन गोष्टी लिहाव्यात : घराचा पिनकोड, जन्मतारीख आणि मुलगा की मुलगी. मग नववीच्या वर्गाला विचारावं, यातली कोणती गोष्ट अनोळखी माणसाला सांगायला तुम्ही कचराल? घरचा पत्ता सांगताना मुलं कां-कू करतात, आईचा मोबाइल नंबर तर देतच नाहीत. पण या तीन गोष्टींना सहसा कुणाची हरकत नसते. पिनकोड सगळ्या गावाचा एकच असतो. वाढदिवस तर वर्गात चॉकलेटं वाटूनच साजरा होतो. आणि मुलगा की मुलगी हे बहुतेक वेळा नावावरूनच कळतं.

ऑनलाइन गोपनीयतेचा पहिला तास इथून सुरू करावा, पासवर्डपासून नव्हे, असं माझं ठाम मत आहे. पासवर्ड कुणाला सांगायचा नसतो हे मुलांना पाठ असतं. ज्या गोष्टी जपण्यासारख्या वाटतच नाहीत त्या एकत्र आल्या की काय होतं, हे त्यांना कुणी दाखवलेलं नसतं. ते भाषणाने पटतही नाही. त्यासाठी खडू हातात घेऊन भागाकार करावा लागतो.

आपला सहा आकडी पिनकोड १५ ऑगस्ट १९७२ रोजी सुरू झाला. त्याची रचना करणारे श्रीराम भिकाजी वेलणकर टपाल खात्यातले अधिकारी होते आणि संस्कृत कवीही होते. एकाच नावाची अनेक गावं, निरनिराळ्या लिप्या, न लागणारं अक्षर, यांतून वाट काढत पत्र नेमक्या पोस्टात पोचावं यासाठी त्यांनी ही सोय केली. पहिला आकडा विभाग सांगतो, शेवटचे तीन आकडे पोस्ट ऑफिस सांगतात. महाराष्ट्रातले पिनकोड ४० ते ४४ या आकड्यांनी सुरू होतात, गोव्यातले ४०३ ने. देशात असे सुमारे १९ हजार पिनकोड आहेत. लोकसंख्या १४० कोटी धरली, तर एका पिनकोडमागे सरासरी ७३-७४ हजार माणसं येतात. एवढ्या गर्दीत आपण कुठे सापडणार, असं मुलांना वाटतं.

आता जन्मतारीख घ्या. गणित सोपं जावं म्हणून माणसांची वयं शून्य ते सत्तर धरू. ७० गुणिले ३६५ म्हणजे २५,५५० वेगवेगळ्या जन्मतारखा झाल्या. ७४ हजारांना २५,५५० ने भागलं की उत्तर तीनच्या जरा खाली येतं. म्हणजे तुमच्या पिनकोडात तुमच्याच दिवशी, तुमच्याच वर्षी जन्मलेली माणसं तुमच्यासकट साधारण तीन. मुलगा की मुलगी हे कळलं की उरतात एक किंवा दोन.

हा भागाकार मुलांनी आपापल्या वहीत करायला हवा. ही सरासरी आहे, हेही त्यांना सांगायला हवं. पुण्या-मुंबईच्या एखाद्या दाट वस्तीच्या पिनकोडात तीन लाख माणसं असतील, तर मुलगा की मुलगी हे कळल्यावरही उत्तर पाच-सहा येईल. तिथे शाळेचं नाव किंवा फोनचं मॉडेल ही चौथी गोष्ट जोडली की काम भागतं. आणि दहा हजार वस्तीच्या ग्रामीण पिनकोडात तर तिसऱ्या गोष्टीचीही बहुधा गरज पडत नाही. लहान गावातल्या मुलांना अनेकदा वाटतं की हे सगळं शहरातल्यांचं दुखणं आहे. गणित उलटं सांगतं. जिथे माणसं कमी, तिथे माणूस ओळखणं सोपं.

हाच प्रकार अमेरिकेत खरोखर घडला. १९९० च्या दशकात मॅसॅच्युसेट्स राज्याने आपल्या कर्मचाऱ्यांच्या आरोग्यविम्याची माहिती संशोधकांना खुली केली. नावं, पत्ते काढून टाकले होते, त्यामुळे कुणाची ओळख पटणार नाही, अशी ग्वाही गव्हर्नर विल्यम वेल्ड यांनी दिली होती. पण जन्मतारीख, लिंग आणि तिकडचा पिनकोड म्हणजे झिप कोड तसाच ठेवला होता. लटान्या स्वीनी तेव्हा एमआयटीत विद्यार्थिनी होती. गव्हर्नर केंब्रिज गावात राहतात हे तिला माहीत होतं. तिने २० डॉलर देऊन त्या गावाची मतदारयादी विकत घेतली आणि दोन्ही याद्या शेजारी ठेवल्या. गव्हर्नरांची जन्मतारीख असलेली माणसं केंब्रिजमध्ये सहा निघाली. त्यातले पुरुष तीन. त्यांच्या झिप कोडमध्ये राहणारा एकच. राज्याच्या गव्हर्नरांची आजारपणं आणि औषधं एका विद्यार्थिनीच्या पडद्यावर आली. पुढे तिने हिशोब मांडला की अमेरिकेतली ८७ टक्के माणसं या तीन गोष्टींवरून एकेकटी ओळखता येऊ शकतात. नंतर दुसऱ्या एका संशोधकाने तेच गणित नव्याने केलं, तेव्हा आकडा ६३ टक्क्यांच्या आसपास आला. वर्गात दोन्ही आकडे सांगावेत. शास्त्रात आकडा पुन्हा तपासला जातो हे मुलांना कळतं, आणि ६३ टक्के म्हणजेही दहातली सहा माणसं, हेही.

इथे मराठी घरांतली एक गोष्ट उपयोगी पडते. आजी-आजोबांच्या कागदोपत्री जन्मतारखा लिहून आणायला सांगा. १ जून ही तारीख वहीवर वारंवार दिसेल. जन्माची नोंद नसायची, जूनमध्ये शाळेत नाव घालताना गुरुजी अंदाजाने वर्ष धरायचे आणि तारीख १ जून टाकायचे. तीच पुढे जनरल रजिस्टरमध्ये, शाळा सोडल्याच्या दाखल्यावर आणि पेन्शनच्या कागदांवर गेली. गोपनीयतेच्या दृष्टीने पाहिलं तर या माणसांना नकळत एक संरक्षण मिळालं. त्यांची तारीख, वर्ष आणि पिनकोड घेऊन शोधायला गेलं तर तीन नव्हे, कितीतरी माणसं पुढे उभी राहतात. स्वीनी यांनी नंतर जो उपाय सुचवला, त्याचं मर्म हेच आहे : माहिती खुली करताना ती इतकी ढोबळ करावी की प्रत्येक नोंद निदान ठरावीक संख्येच्या इतर नोंदींसारखीच दिसेल. पूर्ण तारखेऐवजी नुसतं वर्ष, पूर्ण पिनकोडऐवजी पहिले तीन आकडे. मुलांना मग आपल्या वहीतला भागाकार पुन्हा करायला लावावा, या वेळी नुसतं जन्मवर्ष घेऊन. ७४ हजार भागिले ७० म्हणजे हजाराच्या वर माणसं. अर्जातली तारखेची चौकट कोरी सोडून नुसतं वर्ष लिहिल्याने काय साधतं, ते त्यांना आकड्यांत दिसतं.

इथवरची माहिती आपण हाताने लिहून दिलेली. न देता जाणारी माहिती याहून कितीतरी जास्त असते, आणि ती दाखवायला फोनच लागतो. शिक्षकांनी आपल्या फोनवर शाळेच्या अंगणातल्या झाडाचा फोटो काढावा. गॅलरीत तो उघडून तपशील पाहावा. तारीख, सेकंदापर्यंतची वेळ, फोनचं मॉडेल, आणि कॅमेऱ्याला ठिकाणाची परवानगी दिलेली असेल तर अक्षांश-रेखांश. ते आकडे नकाशात टाकले की नकाशाची टाचणी अंगणात येऊन उभी राहते. वर्गात एकदम कुजबुज सुरू होते ती इथे. व्हॉट्सॲपवर नेहमीसारखा पाठवलेला फोटो हे अक्षांश-रेखांश गाळून पुढे जातो. तोच फोटो डॉक्युमेंट म्हणून पाठवला तर सगळं तसंच जातं. हा फरक मुलांना स्वतः करून पाहू द्यावा. २०१२ च्या डिसेंबरात अँटिव्हायरसचे उद्योजक जॉन मॅकाफी बेलीझच्या पोलिसांना चुकवत फिरत होते. त्यांच्यासोबत असलेल्या पत्रकारांनी एक फोटो मासिकाच्या संकेतस्थळावर टाकला, आणि त्यातल्या अक्षांश-रेखांशांमुळे ते ग्वाटेमालात असल्याचं जगाला कळलं. संगणकाच्या सुरक्षिततेवर नाव कमावलेल्या माणसाच्या बाबतीत हे झालं.

दुसरं उदाहरण मला जास्त आवडतं, कारण त्यात पकडणारा विद्यार्थी आहे. धावण्या-सायकलिंगच्या नोंदी ठेवणाऱ्या स्ट्राव्हा या ॲपने २०१७ च्या नोव्हेंबरात जगभरच्या वापरकर्त्यांच्या वाटांचा एक झगमगता नकाशा प्रसिद्ध केला. त्यात कुणाचंही नाव नव्हतं. पुढच्या जानेवारीत ऑस्ट्रेलियातल्या नेथन रुसर या २० वर्षांच्या विद्यार्थ्याच्या लक्षात आलं की अफगाणिस्तान आणि सीरियाच्या अंधाऱ्या भागात मधेच काही रेघा उजळलेल्या आहेत. त्या सैनिकी तळांच्या आतल्या वाटा होत्या. तिथले सैनिक व्यायामाला धावताना मनगटावर यंत्र बांधून धावत होते. एकेका धावेला काहीच अर्थ नव्हता. सगळ्या एकत्र आल्या तेव्हा तळाचा आराखडा दिसला.

तिसरी गोष्ट मुलांना सगळ्यात अस्वस्थ करते. आपली माहिती पुष्कळदा दुसराच देऊन टाकतो. केंब्रिज ॲनालिटिका या राजकीय सल्लागार कंपनीच्या प्रकरणात एका व्यक्तिमत्त्व-चाचणीच्या ॲपने फेसबुकवरची माहिती गोळा केली होती. २०१८ मध्ये फेसबुकने स्वतः दिलेल्या आकड्यांनुसार भारतात ते ॲप घेणारी माणसं होती ३३५. माहिती गेली असण्याची शक्यता असलेली माणसं होती ५,६२,४५५. उरलेल्यांनी काहीही केलं नव्हतं. त्यांच्या मित्रयादीतल्या दुसऱ्या कुणीतरी होय म्हटलं होतं. वर्गात हा भागाकारही करून घ्यावा; एकामागे सुमारे १,६७९ येतात. मग फोनमधल्या त्या नेहमीच्या परवानगीची आठवण करून द्यावी, ज्यात एखादा खेळ किंवा फोटो सजवायचं ॲप कॉन्टॅक्ट पाहू का म्हणून विचारतं. होय म्हणणारा एक असतो. नंबर जातात आईचे, मावशीचे, क्लासच्या सरांचे, आणि त्या मैत्रिणीचे जिने नंबर फक्त तुला म्हणून दिलेला होता. चौदा-पंधरा वर्षांच्या मुलांना स्वतःच्या धोक्यापेक्षा मैत्रिणीशी दगाफटका झाल्याचं जास्त लागतं. ते लागू द्यावं.

एवढं झालं की चांगल्या वर्गात एखादा हात वर होतोच : सर, मग शाळेला आम्ही जे सगळं लिहून देतो त्याचं काय? या प्रश्नासाठीच हे सगळं शिकवायचं असतं, आणि इथे शिक्षकाने विषय बदलला तर आधीचे तास वाया गेले असं समजावं. मुलाची माहिती सगळ्यात आधी आणि सगळ्यात पद्धतशीरपणे जमवते ती शाळा. शाळा सोडल्याचा दाखलाच काढून पाहावा : पूर्ण नाव, आईचं नाव, जन्मस्थळ, आकड्यांत आणि अक्षरांत जन्मतारीख, धर्म, जात, आधीची शाळा, वर्तणूक. त्यात आधार क्रमांक, बँकेचं खातं, पालकांचं उत्पन्न, रक्तगट यांची भर पडत गेली. यातल्या पुष्कळ गोष्टी योग्य कामासाठी लागतात. कित्येक शिष्यवृत्त्या जातीच्या नोंदीवाचून मिळत नाहीत, पैसे खात्यावाचून जमा होत नाहीत. पण वर्गाची अख्खी एक्सेल यादी आधार क्रमांकांसकट शिक्षकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर फिरते, तेव्हा ते काम शिष्यवृत्तीचं राहिलेलं नसतं. यादी ज्या ज्या फोनवर उतरली तिथे ती वर्षानुवर्षं पडून राहते. निम्म्या शिक्षकांची बदली होते, फोन बदलले जातात, जुना फोन घरातल्या दुसऱ्याच्या हाती जातो. मी हे कुणाला दोष द्यायला लिहीत नाही. संध्याकाळी पाचच्या आत माहिती भरा, असा निरोप दुपारी तीनला आल्यावर एकट्या शिक्षकाने करायचं तरी काय?

आपल्याकडे याचं मोठं उदाहरण झालेलं आहे. बालभारतीच्या पुस्तकांत धड्याशेजारी छापलेले क्यूआर कोड मुलं केंद्र सरकारच्या दीक्षा या ॲपने स्कॅन करतात. करोनाकाळात त्याचा वापर अफाट वाढला. ह्यूमन राइट्स वॉच या संस्थेने मे २०२२ मध्ये ४९ देशांतल्या १६४ शैक्षणिक ॲप आणि संकेतस्थळांची तपासणी प्रसिद्ध केली. त्यातली १४६ मुलांच्या हक्कांना बाधा आणतील किंवा आणू शकतील अशा रीतीने माहिती हाताळत होती. दीक्षा त्यात होतं. मुलांचं नेमकं ठिकाण मिळवण्याची सोय त्यात असल्याचं या संस्थेने नोंदवलं. जानेवारी २०२३ मध्ये आणखी एक गोष्ट बाहेर आली. दीक्षाची माहिती ठेवलेला एक सर्व्हर कुलूप न लावता उघडा राहिला होता. त्यात दहा लाखांहून अधिक शिक्षकांची नावं, फोन नंबर आणि ईमेल होते, आणि सुमारे सहा लाख विद्यार्थ्यांची नावं आणि शाळेची माहिती. नीट पाहावं, शिक्षकांचा आकडा विद्यार्थ्यांहून मोठा आहे. हा विषय शिकवणारा माणूस या प्रकरणात मुलांच्याच बाकावर बसलेला आहे.

संमती म्हणजे काय, हे समजवायला स्वीडनमधल्या शेलेफ्तियो गावातल्या शाळेची हकिकत घ्यावी. तिथे २०१८ मध्ये एका वर्गातल्या २२ विद्यार्थ्यांची हजेरी कॅमेऱ्याने चेहरा ओळखून घेण्याचा प्रयोग तीन आठवडे चालला. हजेरीत जाणारा शिक्षकांचा वेळ वाचवणं हा हेतू. मुलांची, पालकांची संमती घेतलेली होती. तरी तिथल्या माहिती-संरक्षण प्राधिकरणाने दोन लाख क्रोनरचा दंड केला. कारण असं दिलं की शाळा आणि विद्यार्थी यांच्या ताकदीत एवढा फरक असतो की अशी संमती मोकळ्या मनाने दिली असं धरता येत नाही. आणि हजेरी कॅमेऱ्यावाचूनही घेता येते. आपल्या वर्गांना हे लगेच समजतं. वर्गशिक्षकांनी फॉर्म पुढे केला आणि खाली सही करून आणा म्हटलं, तर नाही म्हणणारं घर कितीसं असेल? अपार या विद्यार्थी ओळखक्रमांकासाठी पालकांकडून जो संमतीचा अर्ज भरून घेतला जातो, त्यात होय म्हणण्याइतकीच नाही म्हणायचीही मोकळीक आहे, आणि दिलेली संमती परत घेण्याचीही. हे पालकसभेत उघडपणे सांगणारे मुख्याध्यापक मला आदर्श वाटतात.

कायद्याचा धडा त्यामानाने थोडक्यात होतो. कर्नाटक उच्च न्यायालयाचे निवृत्त न्यायमूर्ती के. एस. पुट्टस्वामी यांनी वयाची ऐंशी उलटल्यावर आधारविरुद्ध याचिका केली. तिच्यातून २४ ऑगस्ट २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांनी एकमुखाने निकाल दिला की खासगीपणा हा मूलभूत हक्क आहे. सप्टेंबर २०१८ च्या आधार निकालात शाळाप्रवेशासाठी आधारची सक्ती करता येणार नाही, हेही स्पष्ट झालं. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याने अठरा वर्षांखालच्या सगळ्यांना मूल मानलं. ही कलमं लागू झाली की त्यांची माहिती घ्यायला पालकांची पडताळलेली संमती लागेल, त्यांचा माग काढता येणार नाही, त्यांच्यावर रोखलेल्या जाहिराती करता येणार नाहीत. हे मोडल्यास २०० कोटी रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे. मात्र या कायद्याखालच्या नियमांनी शैक्षणिक संस्थांना शिक्षणाच्या कामासाठी आणि मुलांच्या सुरक्षिततेसाठी यातून सूट दिली आहे. सूट आहे म्हणूनच शाळेच्या आत काय योग्य, हे तिथल्याच मोठ्या माणसांनी ठरवायला लागतं. मुलांनीही त्यात बोलावं असं मला वाटतं.

म्हणून शेवटचा तास शाळेच्याच कागदांवर घ्यावा. प्रवेश अर्जाच्या कोऱ्या प्रती वर्गात वाटाव्यात, भरलेल्या कधीही नव्हेत. मुलांनी गट करून प्रत्येक रकान्याशेजारी लिहावं : हे कशासाठी लागतं, कोण पाहतं, किती वर्षं ठेवतात, दिलं नाही तर काय अडतं. ज्याचं उत्तर वर्गाला सापडत नाही, ते लेखी प्रश्न करून कार्यालयात न्यावं. दहावीच्या निकालाचा फ्लेक्स लावण्याआधी फोटो आणि टक्के छापायला त्या मुलांना विचारलं होतं का, हाही प्रश्न त्यात असू शकतो. काही प्रश्नांनी कार्यालय अवघडेल. अशा वेळी शिक्षकाने मुलांसोबत जावं.

या सगळ्यात एक गोष्ट मला फार जपावीशी वाटते. हा विषय भीती घालून शिकवला की त्याची किंमत मुलींना मोजावी लागते. फोटो टाकू नको, नंबर देऊ नको, असं चार वेळा सांगून झालं की घरचा पुढचा निर्णय असतो फोन काढून घेण्याचा, आणि तो भावाच्या हातून क्वचितच काढला जातो. मग कुणी खरोखर त्रास दिला, तर फोन जाईल या धास्तीने मुलगी घरात बोलतच नाही. त्रास देणाऱ्याला हेच गप्प राहणं हवं असतं. म्हणून पालकसभेत आईवडिलांना स्पष्ट विनंती करावी की मुलीने तक्रार आणली तर फोन तिच्याकडेच राहील असा शब्द तिला आधीच द्या. सायबर गुन्ह्यांसाठी तक्रारीचं राष्ट्रीय पोर्टल आहे, पैशाच्या फसवणुकीत १९३० या क्रमांकावर लगेच फोन करता येतो. हे मुलांच्या वह्यांत लिहिलेलं असावं. आणि मला लपवायचंय तरी काय, असं म्हणणारी मुलं प्रत्येक वर्गात असतात. त्यांना पुन्हा फळ्यावरच्या भागाकाराकडे न्यावं. आज लपवण्यासारखं काही नसतं हे खरं असू शकतं. आज दिलेली तारीख, ठिकाण, जात, आजार मात्र आणखी दहा वर्षांनी कर्ज देणारा, नोकरी देणारा, घर भाड्याने देणारा कुणीही पाहत असेल, आणि काय शोधायचं ते तो ठरवेल.

नोव्हेंबर २०२५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या नियमांनुसार माहिती संरक्षण कायद्याची मुख्य कलमं अठरा महिन्यांनी, म्हणजे मे २०२७ मध्ये, लागू व्हायची आहेत. आपली कोणती माहिती तुमच्याकडे आहे, ती दुरुस्त करा, गरज संपली असेल तर पुसून टाका, असं विचारण्याचा हक्क त्यानंतर वापरता येईल. आता नववीत असलेली मुलं त्यानंतर वर्षा-दोन वर्षांत अठराची होतील. आपण आजवर कुठे कुठे खाती उघडली, कोणत्या क्लासला, स्पर्धेला, ॲपला काय लिहून दिलं, याची यादी त्यांनी आत्ताच वहीच्या मागच्या पानापासून करायला घ्यावी.